गंगाजळीतला रोल

गंगाजळीतून रोल निघाला त्याला त्या रविवारी सतरा दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत तांबट आळीत अशी एक बाई उरली नव्हती जिने सुशीलाबाईंना जिन्यात गाठून "काय हो, खरंच का?" असं विचारलं नाही.

खरंच होतं. त्यांच्या नवऱ्याच्या, बद्रीनाथांच्या, छातीत कळ आली, घाम फुटला, ते गादीवर आडवे झाले आणि घरात एकच धावपळ उडाली. त्यांची धाकटी बहीण कुसुम नेमकी त्या दिवशी माहेरी आलेली. तिने डॉक्टरची वाटही न बघता गळा काढला, "अरे, आईची गंगाजळी आणा कुणीतरी!" गंगाजळी म्हणजे त्यांच्या आईने, दुर्गाबाईंनी, काशीहून आणलेला तांब्याचा छोटा गडू. तोंडाला कथलाचा डाग देऊन पक्का बंद केलेला, एक्केचाळीस वर्षं देव्हाऱ्यात बसलेला. देवाची वस्तू, कुणी कधी हलवूनसुद्धा बघितली नव्हती. मधले भाऊ रंगनाथ यांनी छिन्नीने झाकणी उडवली, गडू दादाच्या तोंडाशी कलता केला, आणि आतून गंगेऐवजी कॅमेऱ्याचा रोल घरंगळत बद्रीनाथांच्या छातीवर पडला.

मरणाच्या दारातल्या माणसाने एक डोळा उघडला. "रंगा, हा तुझा रोल ना रे? माझ्या लग्नातला?" एवढं म्हणून ते चक्क उठून बसले. डॉक्टर आले, कार्डिओग्राम काढला, आणि निदान झालं गॅसचं. आदल्या दिवशी संकष्टी होती आणि साबुदाण्याचे वडे नऊ झाले होते.

त्या गोंधळात सुशीलाबाई नवऱ्याचे तळवे चोळत बसल्या होत्या. गडूवर छिन्नी बसली तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण तोवर उशीर झाला होता. नवरा वाचला म्हणून रडावं की रोल सापडला म्हणून रडावं, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही. नंतरही कळलं नव्हतं.

करडे कुटुंबात त्या रोलला फार मोठा मान होता. बेचाळीस वर्षांपूर्वी, बद्रीनाथांच्या लग्नात, फोटो काढायचं काम रंगनाथांकडे होतं. वीस वर्षांचा मुलगा, हातात डबा कॅमेरा, एकच बारा फोटोंचा रोल. "रोल घातला, बारा फोटो काढले, रोल काढून पिशवीत ठेवला, आणि पूजेच्या दिवशी पिशवीत रोल नाही," हे त्यांचं म्हणणं. ते कुणालाही पटलं नाही. पोराने रोल घातलाच नसणार, किंवा कुठेतरी टाकला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून या घरात कुणीही, कुठेही, कशाचाही फोटो काढायला उभं राहिलं, की घोळक्यातून एक आवाज यायचाच, "रोल घातलाय ना?" मग सगळे हसायचे आणि फोटोत सगळ्यांचे दात छान यायचे. रंगनाथही हसायचे.

पण त्यांना एक खोड लागली होती. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे. गॅस तीनदा, नळ तीनदा. बायको गेल्यापासून ते खाली कारखान्यामागच्या खोलीत राहत, आणि बाहेर निघाले की कुलपाचा तो खड् खड् खड् आवाज वरच्या मजल्यापर्यंत यायचा. "काकांचं झालं तीनदा," असं सुशीलाबाईंचा मुलगा आनंद लहानपणी ओरडायचा.

आणि स्टुडिओ राहिला तो राहिलाच. सुशीलाबाईंचे सासरे, म्हणजे नाना, रस्त्यावरची खोली रंगनाथांना स्टुडिओला द्यायच्या विचारात होते. पलीकडच्या गल्लीतला अय्युब भागीदार व्हायचा होता. रोल गेल्यावर नाना एवढंच म्हणाले, "सख्ख्या भावाच्या लग्नाचा रोल ज्याला सांभाळता आला नाही, तो लोकांची लग्नं काय सांभाळणार? हातोडी घे." रंगनाथांनी घेतली. पुढची चाळीस वर्षं घागरी आणि घंगाळं मठारली. अय्युबने एकट्याने दुकान थाटलं.

आता खरं काय ते. रोल सुशीलाबाईंनी पळवला होता.

अठरा वर्षांच्या होत्या. लग्नाच्या दिवशी सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, मुहूर्त साडेबाराचा. अजून गौरीहर पुजायचा होता आणि मागच्या कोठीत जिलब्यांची परात कुणीतरी उघडीच ठेवली होती. नवरी कोठीत शिरली आणि एक अख्खी जिलबी तोंडात कोंबली. नेमक्या त्याच क्षणी खिडकीतून खट् असा आवाज आला आणि होणारे दीर म्हणाले, "नवरीबाई, काढला हं!" दुर्गाबाईंचा सोवळ्याओवळ्याचा दरारा माहेरापर्यंत पोचलेला होता. त्यांच्या कुठल्याशा भाचीने मुहूर्ताआधी चहा घेतला, तर त्या बिचारीला बारशापर्यंत त्यावरून ऐकून घ्यावं लागलं होतं. इथे तर जिलबी, आणि तीही फोटोसकट!

तिसऱ्या दिवशी पूजेच्या गडबडीत त्यांनी पिशवीतून रोल उचलला आणि ट्रंकेत शालूखाली दडवला. नदीत टाकायचं धैर्य झालं नाही. मग रंगनाथांवर ओरडा सुरू झाला. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता नानांनी त्यांच्या हाती हातोडी दिलीसुद्धा, आणि मग सांगायची सोयच उरली नाही. पुढच्या वर्षी सासूबाईंनी काशीहून गडू आणले, त्यातला एक झाकणीशी गळका निघाला म्हणून रिकामा पडला होता. सुशीलाबाई तांबटाचीच लेक. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी रोल आत ठेवला, आतल्या रोलला आच लागू नये म्हणून गडूला ओलं फडकं गुंडाळलं, तोंडाला डाग दिला आणि तो भरलेल्या गडूंत ठेवून दिला; बाकीचे वाटले गेले, हाच देव्हाऱ्यात राहिला.

यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे रंगनाथांना त्या फोटोचं फार कौतुक होतं. अजूनही सांगायचे, "पहिलाच फोटो वहिनींचा. कोठीत एकट्याच उभ्या होत्या, रडत. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. माझ्या हातून तेवढा चांगला फोटो पुन्हा निघाला नाही." सुशीलाबाई तेव्हा पदराने तोंड पुसायच्या आणि आत जायच्या.

तर त्या रविवारी सगळे जमले होते ते हा रोल धुवायला.

"आईनंच लपवला," लोडाला टेकून बद्रीनाथांनी निकाल दिला. "तिला रंगाचं फोटोंचं खूळ कधीच पसंत नव्हतं."

"दादा, गेलेल्या माणसावर आळ घ्यायचा तर निदान अंघोळ तरी करून घ्यावा," कुसुम म्हणाली. खास या सुनावणीसाठी ती नारायण पेठेतून सकाळी आठलाच आली होती.

"मग काय गंगामाईनं ठेवला आत?"

"आत्या, गडू आजींचा, देव्हारा आजींचा, काशीयात्राही आजींचीच," भाग्यश्री म्हणाली. ती आनंदची बायको, बँकेत होती आणि पुराव्याशिवाय बोलत नसे. "एवढ्यावर कुणीही केस बंद करील."

"तू गप्प बस गं. तू या घरात आलीस तेव्हा आईला जाऊन दहा वर्षं झाली होती. वहिनी, तू सांग. तू चोवीस वर्षं काढलीस तिच्या हाताखाली. आई असं करील?"

सगळ्यांचे डोळे सुशीलाबाईंकडे वळले.

"मला काय विचारता? माझे पोहे लागतील खाली," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. पोहे अजून भिजवलेही नव्हते. मेलेल्या सासूवर आपला आळ जातोय आणि आपण कढीपत्ता निवडतोय, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर आनंदचं सुरू होतं. तो हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता, सहा महिने अमेरिकेत राहून आला होता, आणि येताना डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता. "काका, अजून सांगतो. मी नेटवर बघितलंय. परदेशात एक लॅब आहे, ती फक्त असले जुने रोल धुते. कुरियर करू. तीन-चार महिन्यांत प्रिंट घरी."

"बेचाळीस वर्षांनी सापडलाय," रंगनाथ म्हणाले, "आता कुरियरवाल्याला देऊन पुन्हा हरवू म्हणतोस?"

"पण तुम्हाला जमेल का? म्हणजे, किती वर्षांनी..."

"घरात पाच-सहा रोल धुतलेत मी, नानांची नजर चुकवून. आणि हे बघ, हा रोल एकदाच धुता येतो. चुकलं की संपलं. तर मग ते माझ्याच हातून चुकू दे."

भाग्यश्रीने नवऱ्याकडे बघितलं आणि ती काकांच्या बाजूला जाऊन बसली. या घरात बाजू बदलायला एवढी जागा पुरायची.

सामान अय्युबने दिलं होतं. त्याच्या दुकानात आता झेरॉक्स आणि कॉम्प्युटरवरचे पासपोर्ट फोटो निघत, पण माळ्यावर जुन्या बरण्या होत्या. त्यातून त्याने डेव्हलपरच्या पुड्या बांधून दिल्या, फोटो पक्का करणारा हायपो दिला, आणि जुन्या फिल्मवर धुकं चढू नये म्हणून एक वेगळी पुडी दिली. भाग्यश्रीने तुळशीबागेतून प्लॅस्टिकचे तीन ट्रे आणले. ते ट्रे बघून बद्रीनाथांचा पारा चढला.

"प्लॅस्टिक? तांबटाच्या घरात?" आदल्या दिवशी त्यांनी स्वतः चिंच लावून तीन पराती लखलखीत केल्या होत्या. "या परातींत काय वाईट आहे?"

"दादा, तांब्याचा अंश जरी डेव्हलपरमध्ये गेला ना, की अख्खी फिल्म काळी ठिक्कर. एक थेंब हिरवं पाणी पुरतं."

"तांब्यानं पाणी शुद्ध होतं!"

"पाणी होतं. फिल्म मरते."

बद्रीनाथ दुखावले. शेवटी तडजोड निघाली. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, पाण्याने भरलेला एक जुना तांब्या न्हाणीघरात शकुनाचा म्हणून ठेवायचा, पण लांब, कोपऱ्यातल्या चौरंगावर. शिवाय बद्रीनाथांना काम मिळालं. आत मिट्ट काळोख, घड्याळ दिसणार नाही, म्हणून वेळ त्यांनी मोजायची.

"मी घड्याळ बघून दारातून सांगते ना," भाग्यश्री म्हणाली.

"घड्याळाचा सेल जातो," बद्रीनाथांनी छोटी हातोडी उचलली, पुढ्यात पालथी परात घेतली. "रंगा, किती?"

"सातशे ठोके. घागरीचा खांदा मठारताना मारतो त्या लयीत. साडेतीनशेला मोठ्याने सांग."

"आत तुमच्याबरोबर मी येतो," आनंद उठला.

"तू नको. तुझ्या खिशातला मोबाइल काजव्यासारखा पेटतो. वहिनी येतील. लाइट गेले तरी यांचं काही सांडत नाही."

सुशीलाबाईंनी पदर खोचला. नाही म्हणायला कारण सापडेना.

न्हाणीघराच्या खिडकीला दोन गोधड्या, दाराच्या फटीला सतरंजी. दार लागलं आणि भर दुपारी बारा वाजता डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार झाला. रंगनाथांनी बर्फाच्या पाण्यातून डेव्हलपरची बाटली काढून पहिल्या ट्रेमध्ये ओतली. मग कागद उलगडल्याचा कुरकुर आवाज आला. सुशीलाबाईंनी तो आवाज ओळखला. ट्रंकेत रोल दडवताना असाच कुरकुरला होता.

"कागद सुटला," रंगनाथ हळू आवाजात म्हणाले. "हां. दादा, चालू!"

ठण्, ठण्, ठण्, बाहेर परात वाजू लागली. रंगनाथ फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती ट्रेमधून वर-खाली झुलवत होते, पाण्याचा चुळुक चुळुक आवाज येत होता. सुशीलाबाईंच्या हाती डेव्हलपरची दुसरी बाटली आणि प्लॅस्टिकचा मग. साडेतीनशेला बाटली मगात ओतायची, आणि मगातून ट्रेमध्ये. त्यांचं काम एवढंच.

बाहेर कुसुम काहीतरी म्हणाली, बद्रीनाथांनी तिला हातोडी न थांबवता सडेतोड उत्तर दिलं.

"वहिनी," अंधारातून आवाज आला, "एक सांगू? आईनं लपवला असेल तर मला बरंच वाटेल."

"का हो?"

"म्हणजे मी विसरलो नव्हतो. एवढंच." चुळुक, चुळुक. "लोक हसतात त्याचं काही नाही. हसू देत. पण हळूहळू मलाच वाटायला लागलं, की नसेलच घातला. पिशवीत ठेवल्याचं स्वप्नच पडलं असेल. स्वतःचाच भरवसा वाटेना, वहिनी. अजून वाटत नाही. हा कोरा निघाला तर काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही."

रोल कोरा नव्हता हे सुशीलाबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? एवढं एक वाक्य, आत्ता, अंधारात, तोंडही दिसत नाही. पण जीभ उचलेना. उलट मागे सरकताना त्यांचा हात कशाला तरी लागला. शकुनाचा तांब्या.

जुना तांब्या, आतून हिरवं कीट धरलेला. एक थेंब पुरतो, भाऊजीच म्हणाले होते. बाटलीबरोबर यातलं घोटभर पाणी गेलं तर कुणाला कळणार? फिल्म काळी निघेल. जुनाच होता, गेला, म्हणतील सगळे. जिलबी जाईल, चोरीची भीती जाईल. आणि भाऊजी उरलेला जन्म कुलूप तीनदा ओढत बसतील.

"तीनशे चाळीस!" बाहेरून आवाज आला.

त्यांची बोटं तांब्याच्या गळ्याभोवती होती. ठण्, ठण्. एकदा तुझ्या भीतीपायी या माणसाचं वाटोळं केलंस, आता दुसऱ्यांदा करतेस? असं त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि तांब्या मोरीकडे नेऊन सरळ उपडा केला.

"काय सांडलं?" रंगनाथ दचकले.

"ह्यांचा शकुन. मध्ये मध्ये येत होता."

रंगनाथ फसकन हसले. "साडेतीनशे!" बद्रीनाथ ओरडले. सुशीलाबाईंनी हात पदराला खसाखसा पुसले, प्लॅस्टिकचा मग चाचपला, बाटली त्यात ओतली आणि तो ट्रेमध्ये रिकामा केला. एक थेंब बाहेर गेला नाही.

सातशे ठोके झाले, पाणी झालं, हायपो झाला. दिवा लावला तेव्हा रंगनाथांच्या हातात एक लांब काळी पट्टी होती. त्यांनी ती बल्बसमोर धरली आणि त्यांचा चेहरा पडला. बाहेरचे नऊ फोटो गेले होते. अंतरपाट, सप्तपदी, सगळं डांबरासारखं काळं. मग पट्टीच्या शेवटच्या टोकाशी येऊन ते थांबले.

"आहे," ते म्हणाले. "वहिनी, आहे. पहिले तीन आहेत. पहिले काढलेले रोलच्या पोटात जातात, म्हणून वाचले. मी रोल घातला होता!"

दारातून भाग्यश्रीने टाळ्या वाजवल्या. बद्रीनाथांनी परातीवर हिशेबाबाहेरचे चार ठोके मारले.

पट्टी दोरीवर वाळेपर्यंत पोहे झाले, दोनदा चहा झाला. मग आनंदने ती खिडकीच्या काचेला पांढऱ्या कागदावर लावली, डिजिटल कॅमेऱ्याने टिपली आणि कॉम्प्युटरवर उलटी करून काळ्याचं पांढरं केलं. सगळे पडद्याभोवती दाटले. सुशीलाबाई सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

"ही बघा रडणारी नवरी," रंगनाथ अभिमानाने म्हणाले.

कुसुमने चष्मा लावला. ती पुढे वाकली. "भाऊ, ही रडत नाहीये."

"मग?"

"हिच्या तोंडात जिलबी आहे!"

मग आनंदने चित्र मोठं केलं. फुगलेला गाल, ओठातून बाहेर डोकावणारा जिलबीचा अर्धा वेढा, आणि घास मोठा झाल्यामुळे डोळ्यांत आलेलं पाणी. भाग्यश्री हसता हसता खाली बसली.

"गौरीहराच्या आधी!" कुसुम किंचाळली. "वहिनी!"

"अख्खी?" बद्रीनाथांना वेगळंच दुःख होतं. "बेचाळीस वर्षं मला वाटतंय, की ही माझ्याशी लग्न करायचं म्हणून रडत होती! पहिलं वर्षभर मी दर शनिवारी गजरा आणला हिला, दया येऊन!"

"हवे तर गजरे परत देते," सुशीलाबाई म्हणाल्या. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या होत्या, पण त्यांनाही हसू आवरेना. ज्याला एवढं भ्यालो, ते हेच का?

एकटे रंगनाथ हसत नव्हते. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले होते. "आनंद, हिच्या मागे, दारात काय आहे? जरा उजळ कर."

आनंदने उजेड वाढवला. धुरकट दाराच्या चौकटीतून एक आकृती वर आली. नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू. एक हात चौकटीला आडवा धरलेला, कुणाला तरी आत यायला मज्जाव करणारा. आणि मान आत वळवून ती बाई जिलबी खाणाऱ्या नवरीकडे बघून हसत होती. तोंडावर पदर, पण डोळे हसताना स्पष्ट दिसत होते.

"आई," कुसुम म्हणाली आणि तिने डोळ्यांना रुमाल लावला.

सुशीलाबाईंनी खुर्चीची पाठ धरली. सासूबाईंना ठाऊक होतं. दारात पहारा देत होत्या! पुढे चोवीस वर्षं एका घरात काढली, त्यातल्या कितीतरी दुपारी दोघीच गहू निवडत बसल्या, आणि त्या माउलीने चकार शब्द काढला नाही. तिच्या भीतीने आपण रोल पळवला. तिला सांगितलं असतं, तर ती हसली असती.

"आता समजलं!" बद्रीनाथांनी मांडीवर थाप मारली. "सुनेची अब्रू जाऊ नये म्हणून आईनं रोल लपवला. वा गं आई!"

"मी म्हणतच होते," कुसुम म्हणाली. ती असं काहीच म्हणाली नव्हती. "आई उगाच काही करायची नाही."

"केस बंद," भाग्यश्री म्हणाली.

सगळ्यांना पटलं. सगळे खूश झाले. दुर्गाबाई एका क्षणात आरोपीच्या देवी झाल्या, रंगनाथ निर्दोष सुटले, आणि सुशीलाबाईंनी फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहायची तर त्यांना बेचाळीस वर्षांची सवय होती.

"चला, एक फोटो," आनंदने कॅमेरा टेबलावर ठेवला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि पळत येऊन उभा राहिला.

भाग्यश्री सवयीने बोलून गेली, "रोल घातलाय ना?"

सगळे हसले. आज सगळ्यांत मोठ्याने रंगनाथ हसले.

"घातला होता," सुशीलाबाई म्हणाल्या. "भाऊजींनी रोल घातला होता, पिशवीतही नीट ठेवला होता. मी काढून घेतला. सासूबाईंनी नाही. मी."

कॅमेऱ्याने खट् केलं. त्या फोटोत पुढे सगळ्यांची तोंडं उघडी आली.

रंगनाथांनी टेबलावरचा तो गडू उचलला, तोंडाशी अंगठा फिरवला. "आणि डाग?"

"तोही मीच दिला."

"एक्केचाळीस वर्षं आत दमट हवासुद्धा शिरली नाही," ते गडूकडे बघत म्हणाले. "कारखान्यात असा डाग मला कधी जमला नाही."

"मी चुकले, भाऊजी. भीती सासूबाईंची होती आणि भोगलंत तुम्ही. तुमचा स्टुडिओ गेला. मला रोज सांगायचं होतं, आणि रोज मी पोहे केले."

भाग्यश्रीला हसू फुटलं, तिने ते ओठ चावून आवरलं. रंगनाथांनी गडू जागेवर ठेवला. मग म्हणाले, "मला राग आलाय, वहिनी. चांगलाच आलाय. दोन-चार दिवस राहील."

"राहू द्या. हक्काचा आहे."

"हो. आहेच." त्यांनी दोरीवरची पट्टी कागदात गुंडाळून खिशात घातली. "अय्युबला दाखवून येतो. त्यालाही वाटत होतं मी विसरलो म्हणून. तोंडावर कधी बोलला नाही बिचारा."

दारात चप्पल सरकवताना ते वळले. "येताना जिलबी आणतो. मी समोर बसतो, तुम्ही खायची. सगळ्यांदेखत."

"किती?" बद्रीनाथांनी विचारलं.

"तुला नाही. तुला गॅस होतो."

ते खाली उतरले. सुशीलाबाई मागोमाग जिन्याच्या कठड्यापाशी आल्या. खालून त्यांच्या खोलीच्या कडीचा आवाज आला, कुलूप लागलं, आणि रंगनाथांनी ते एकदा ओढलं. खड्. हात कुलपावरच राहिला. सुशीलाबाई दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभ्या होत्या. तो आला नाही. चपला वाजत वाजत दारातून गल्लीत गेल्या आणि वळणावरून दिसेनाशा झाल्या.

सुशीलाबाई थोडा वेळ तशाच थांबल्या. मग हळूहळू जिना उतरल्या आणि उरलेल्या दोन वेळा कुलूप त्यांनी ओढून बघितलं. नीट लागलेलं होतं.